सातवीतल्या मुलांना कोलांटउडी शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की नागपुरातल्या शाळांमध्ये पीटीच्या तासात जीव येतो. ऊन उतरलेलं असतं, मैदानावरचा चिखल वाळलेला असतो आणि स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं असतं. याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना येते: सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक जिम्नॅस्टिक्स शिकवण्यात येणार आहे, सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवावी. झालं, ग्रुप पेटतो. कुणाला मान मोडायची भीती, कुणाला उंची खुंटायची. एक जण जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचा व्हिडिओ टाकतो, दुसरा फुटाळा तलावाच्या काठावर उलटी उडी मारणाऱ्या पोराचं रील. शेवटी सही करायची की नाही ते बाजूलाच राहतं.

शाळेत जे शिकवलं जातं त्याचा या दोन्ही व्हिडिओंशी फार कमी संबंध आहे. तो किती, हे कळलं की सही करणं सोपं जातं. नकार द्यायचा असेल तर तोही निदान योग्य कारणासाठी देता येतो.

टीव्हीवर दिसतं ते आणि शाळेत होतं ते

ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ते आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स. त्यात पुरुषांना सहा साधनांवर आणि महिलांना चार साधनांवर कौशल्य दाखवावं लागतं. महिलांचा बॅलन्स बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद असतो. दीपा कर्माकर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट या प्रकारात, म्हणजे धावत येऊन साधनावर हात टेकून मारायच्या उडीत, चौथी आली, १५.०६६ गुणांवर. कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. तिने मारलेली प्रोदुनोव्हा ही उडी जगातल्या सर्वांत अवघड उड्यांमध्ये गणली जाते. पण ती सहाव्या वर्षापासून हे शिकत होती आणि तिच्यामागे एका प्रशिक्षकाची वर्षानुवर्षांची मेहनत होती. पस्तीस मिनिटांच्या पीटीच्या तासात त्यातलं काहीही होणार नाही, व्हायलाही नको.

शाळेतल्या जिम्नॅस्टिक्सला बहुतेक वेळा साधनच लागत नाही. चार-सहा मॅट, एक ठेंगणं बाक, एक भिंत आणि जमिनीवर खडूने मारलेली रेघ एवढ्यावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघतो. शिकायच्या गोष्टीही मोजक्याच: शरीर ताठ किंवा गोल धरता येणं, उडी मारून नीट उतरणं, लोळणं, हातांवर वजन घेणं, तोल सांभाळणं, आणि शेवटी यातले पाच-सहा तुकडे जोडून अर्ध्या मिनिटाची एक छोटी मालिका करून दाखवणं.

विदर्भातल्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, आणि तिथल्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्याकडचे कित्येक क्रीडा शिक्षक त्याच संस्थेत शिकून आले आहेत. मल्लखांबावर अंग आवळून धरायला जे शिकवतात, तेच इथे जमिनीवर शिकवायचं आहे. दोरीच्या मल्लखांबावर चढणारी मुलगी वर्गात असेल तर तिला पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम माफ करायला हरकत नाही.

पहिला धडा उतरण्याचा

चांगला शिक्षक ओळखायची एक खूण आहे. पहिल्या तासाला तो मुलांना कोलांटी मारू देत नाही. बाकावरून खाली उडी मारायला लावतो आणि उतरल्यावर मूर्तीसारखं स्थिर उभं राहायला सांगतो. मुलांना हे बालिश वाटतं. घरी येऊन सांगतात, सर नुसत्या उड्या मारायला लावतात.

आता गणित पाहा. मूल ४० किलोचं आणि बाक अर्धा मीटर उंच आहे असं धरू. पाय जमिनीला टेकल्यानंतर शरीर थांबायला जेवढं अंतर मिळतं, त्यावर धक्का किती बसणार हे ठरतं. गुडघे ताठ ठेवून उतरलं तर हे अंतर जेमतेम पाच सेंटिमीटर. अशा वेळी पायांवर येणारा सरासरी भार होतो ४४० किलोच्या वजनाइतका. तेच मूल घोटे, गुडघे आणि कंबर वाकवत २५ सेंटिमीटर खाली बसत उतरलं, तर भार येतो १२० किलोइतका. बाक तेच, मूल तेच, फरक जवळजवळ चौपट. स्लिपमध्ये उभा असलेला पोरगा जोरात आलेला चेंडू झेलताना हात मागे नेतो, तसंच हे.

म्हणून उतरताना पाय कमरेइतके अंतर ठेवून, गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेने वाकलेले, हात समोर, नजर समोर. गुडघे आत एकमेकांकडे कोसळत असतील तर शिक्षकाने तिथेच थांबवायला हवं. या वयातल्या मुलींमध्ये ही सवय जास्त दिसते, आणि पुढे खो-खो, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळताना गुडघ्याचे लिगामेंट दुखावण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उतरण्यानंतरचा धडा पडण्याचा. माणूस मागे पडायला लागला की हात आपसूक मागे जातात, तळवा जमिनीवर आपटतो, कोपर ताठ असतं आणि मनगट जातं. अस्थिरोगतज्ज्ञाकडे पावसाळ्यात जा, प्लॅस्टर घातलेल्या मनगटांची रांग दिसेल. त्यातल्या बहुतेकांनी जिम्नॅस्टिक्स पाहिलेलंही नसतं, ते सायकलवरून किंवा ओल्या फरशीवर पडलेले असतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, हात मागे टेकवायचे नाहीत, गुडघे वाकवून बुडावर बसायचं आणि पाठ गोल करून लोळण घ्यायची. हे शंभर वेळा केलं की अंगात मुरतं. मला विचाराल तर तिमाहीत एवढं एकच शिकवलं तरी पीटीचे तास सार्थकी लागले.

कोलांटउडीची चिरफाड

आता मूळ मुद्दा. सातवीतली एक मुलगी मॅटच्या टोकाला उकिडवी बसते. हात टेकते, डोकं टेकते, पाय ढकलते, आणि धप्पकन एका कुशीवर कोसळते. पुन्हा तेच. "गुलाटी होतच नाही जी, सर." सर विचारतात, भेव लागते का? ती मान हलवते. हो म्हणाली की नाही, ते तिलाच ठाऊक.

खोट दिसते ती शेवटी, कोसळताना; पण ती होते सुरुवातीलाच. तिने टाळू मॅटवर टेकवली. टाळू टेकली की मान सरळ राहते, सगळं वजन मानेच्या मणक्यांवर उभं येतं, आणि लोळायला गोल भागच उरत नाही. कोलांटउडीत डोक्याचं काम फक्त वाटेतून बाजूला होण्याचं असतं. वजन घ्यायचं तळहातांनी, मग खांद्यांच्या मागच्या बाजूने, मग गोल पाठीने. डोक्याचा मागचा भाग मॅटला लागला तर ओझरता लागावा.

त्यासाठी हनुवटी छातीला चिकटलेली हवी. "मान आत घ्या" असं ओरडून हे होत नाही; मुलाला मान आत म्हणजे कुठे ते कळतच नाही. अनुभवी शिक्षक हनुवटी आणि छातीच्या मध्ये एक हातरुमाल धरायला देतात. रुमाल पडला तर फेरी बाद. किंवा नुसतं सांगतात, पोटाकडे पाह्य, उठेस्तोवर पोटाकडे पाह्य. नजर पोटाकडे गेली की मान आपोआप वळते.

त्याही आधी दोन पायऱ्या आहेत. पहिली, बसून गुडघे मिठीत घ्यायचे आणि पाठीवर मागे-पुढे डोलायचं. पाठ गोल असेल तर आवाज येत नाही. कुठे सपाट असेल तर तिथे टप असा आवाज होतो. शिक्षकाने डोळे मिटून ऐकलं तरी कुणाची पाठ कुठे ताठ आहे ते कळावं. दुसरी, उतार. मॅटच्या एका टोकाखाली आणखी एक दुमडलेली मॅट सरकवली की उतार तयार होतो. उतारावर शरीर स्वतःच खाली ओढलं जातं, पायांनी फार ढकलावं लागत नाही, आणि ज्या मुलाला सपाटीवर महिनाभर जमलं नसतं त्याला तिथे एका तासात जमतं. एकदा गोल फिरून पायांवर आल्याची जाणीव झाली की मग सपाट मॅटवर यायचं. खडूने मॅटवर दोन पंजे काढून ठेवले तर हात खांद्याइतके दूर टेकायचे हेही सांगावं लागत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच सूचनापत्रात नसते. त्या मुलीचा अंबाडा. डोक्याच्या मागे बांधलेला घट्ट अंबाडा किंवा मोठी क्लिप असेल तर मान आत जाऊनही डोकं नीट वळत नाही, क्लिप टोचते, आणि मूल नकळत डोकं वाकडं करून कुशीवर पडतं. वेणी खाली सैल बांधायची, क्लिपा, कडं, घड्याळ, गळ्यातला ताईत काढून ठेवायचा. पायांत मोजे नकोत, ते मॅटवर घसरतात. अनवाणी बरं.

मागची कोलांटी हा वेगळा प्रकार आहे. त्यात मानेवर जास्त वजन येतं आणि हातांनी योग्य क्षणी ढकलता आलं नाही तर मान अडकते. म्हणून ती पुढच्या कोलांटीनंतर लगेच शिकवायची नसते. अनेक शिक्षक आधी एका खांद्यावरून मागे लोळायला शिकवतात, त्यात डोकं बाजूला राहतं. काही मुलांना वर्षभर तेवढंच पुरतं आणि त्यात काही बिघडत नाही.

हातांवर उभं राहणं, कार्टव्हील वगैरे

याबद्दल थोडक्यात, कारण पद्धत तीच आहे. आधी सशासारखं हात टेकून पाय उचलायचे, मग भिंतीकडे पाठ करून हात जमिनीवर आणि पाय भिंतीवर चढवत न्यायचे, म्हणजे पोट भिंतीकडे येतं आणि कंबर वाकत नाही. कार्टव्हील म्हणजे हातांवरून चाकासारखं बाजूला फिरणं; त्यासाठी जमिनीवर रेघ: हात, हात, पाय, पाय, सगळे त्या रेघेवर. मनगटं आधी गरम करून घ्यायची. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास असतो. सातच्या शाळेत थरथरत आलेल्या पोराला पाच मिनिटांत उलटं उभं करणं हा आळशीपणा आहे. पळापळीचा एखादा खेळ आधी हवाच.

बारा वर्षांचं शरीर रोज बदलतं

सहावी ते आठवी हा उंचीच्या झेपेचा काळ. मुलींची झेप साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास, मुलांची तेरा-चौदाच्या. या काळात वर्षाला सात-आठ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ होते. हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं, ताकद त्याच्याही मागून. म्हणून पाचवीत सुंदर कार्टव्हील करणारा मुलगा आठवीत धडपडतो. तो आळशी झालेला नसतो, त्याचे पाय बदललेले असतात. लांब शरीराला गोल फिरवायला जास्त जोर लागतो आणि मेंदूला नव्या लांबीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिक्षकाने त्याला एक पायरी खाली नेलं तर पालकांनी अपमान मानू नये.

याच वयात हाडांच्या टोकांजवळ मऊ कुर्चेचा एक पट्टा असतो, जिथून हाड वाढतं. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हा पट्टा आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक असतो. रोज तासन्तास हातांवर भार घेणाऱ्या खेळाडूंना मनगटाच्या या पट्ट्याला सूज येते. आठवड्यातून दोन तासांच्या शाळेच्या कार्यक्रमात त्याची शक्यता कमी, पण खूण माहीत असावी: आदळआपट न होताही मनगट दुखतंय आणि विश्रांती घेतली की थांबतंय. तसंच गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखणं. वाढत्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमीचं आहे, उपचारही बहुतेक वेळा विश्रांतीचाच. दुखत असताना "सहन कर, खेळाडू हो" म्हणणं तेवढं टाळावं.

"उंची खुंटते म्हणे"

हा आक्षेप प्रत्येक ग्रुपवर येतो आणि दिसायला पटण्यासारखा आहे. टीव्हीवरच्या जिम्नॅस्ट मुली बुटक्याच दिसतात ना? दिसतात. पण बुटक्या, आटोपशीर शरीराला हवेत फिरणं सोपं जातं, म्हणून तशाच मुली वरच्या पातळीपर्यंत टिकतात. उंच मुली मध्येच दुसऱ्या खेळाकडे वळतात. बास्केटबॉल खेळून उंची वाढते असं वाटणंही याच चालीचं. खेळाडूंच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा की, जिम्नॅस्टिक्सच्या सरावाने प्रौढपणीची उंची कमी होत नाही. वयात येणं थोडं लांबलेलं दिसतं ते बहुतेक आनुवंशिक, आणि कुठे कुठे पोटभर न खाण्यामुळे. तो प्रश्न उच्च पातळीवरचा आहे आणि तिथे तो गंभीरही आहे. १९७६ला नादिया कोमानेचीने पहिले दहापैकी दहा गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती. आज महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला त्या वर्षी वयाची १६ पूर्ण व्हावी लागतात.

उलट, उड्या मारण्याने या वयात हाडं घट्ट होतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम. टीव्हीवर क्रिकेट पाहणं त्यात धरत नाहीत.

"आणि मान मोडली तर?"

ही भीती निराधार नाही. म्हणूनच वरची सगळी उठाठेव. गंभीर दुखापत होते ती बहुतेक वेळा पायरी सोडून उडी मारल्याने: कोलांटी नीट येत नसताना हवेतली पलटी, ट्रॅम्पोलिनवर डोक्यावरून फिरणं, किंवा संमेलनासाठी आठ दिवसांत उभारलेला मानवी मनोरा. मनोऱ्याला जिम्नॅस्टिक्स म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. वरच्या पोराच्या पालकांनी खाली कुणी उभं आहे का हे विचारावं, टाळ्या नंतर वाजवाव्या. शाळेच्या नेहमीच्या तासात यातलं काहीही नसावं असं माझं स्पष्ट मत आहे.

काही मुलांना सूट हवीच. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. त्यांनी डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय कोलांटी मारू नये. फिट येणं, अलीकडची डोक्याची दुखापत, डोळ्याची शस्त्रक्रिया, हे संमतीपत्रात लपवू नका. मूल पडल्यावर मान दुखतेय किंवा हातापायाला मुंग्या येताहेत म्हणालं, तर त्याला उचलून बसवायचं नाही, जागचं हलू द्यायचं नाही, आणि १०८ला फोन करायचा. प्रत्येक पीटी शिक्षकाला हे झोपेतही आठवायला हवं.

साठ पोरं, चार गाद्या

पालकांना न दिसणारी पण शिक्षकाला रोज भेडसावणारी अडचण ही. वर्गात ४८ मुलं आली असं धरा. एका मॅटसमोर रांग लावली आणि एकेकाला वीस सेकंद दिले, तर एक फेरी सोळा मिनिटांची. म्हणजे अख्ख्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन कोलांट्या, बाकी वेळ रांगेत चिमटे काढणं. दुखापती याच रांगेत आणि ढकलाढकलीत होतात.

तोडगा जुनाच आहे: गट. आठ-आठ मुलांचे सहा गट, सहा जागा. एका जागी बाकावरून उडी आणि स्थिर उतरणं, एका जागी भिंतीला पाय, एका जागी रेघेवर तोल, एका जागी डोलणं, एका जागी दोरीवरच्या उड्या. या पाचही जागी शिक्षकाची गरज पडत नाही, कारण तिथे मुलांना चुकलं तरी फार लागत नाही. सहाव्या जागी उतारावरची कोलांटी, आणि शिक्षक तिथेच खिळलेला. पाच मिनिटांनी शिट्टी, सगळे पुढच्या जागी. यात मॅट लागतात तीन-चार. पोरं घामाघूम होतात आणि रांग राहतच नाही.

गाद्यांबद्दल एक शब्द. शाळेत मॅट कमी पडल्या की बिछायत केंद्रातून कापसाच्या गाद्या आणतात. संमेलनात प्रेक्षकांना बसायला त्या उत्तम. कोलांटीला वाईट, कारण त्या सरकतात, मध्ये खड्डा पडतो, आणि दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकून घोटा मुरगळतो. वर जाजम अंथरलं तर फट दिसतही नाही. त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या, घट्ट फोमच्या, खाली न घसरणाऱ्या दोन मॅट खऱ्या. फार मऊ गादीही नको. तिच्यात डोकं रुततं आणि मान वळायची राहते. मुरमाच्या मैदानावर मॅट टाकण्याआधी खडे वेचायचे, आणि एप्रिलमध्ये उन्हात पडलेली रेक्झिनची मॅट हात लावून पाहायची. मुलांचे तळहात पोळतात. विदर्भातल्या शाळेने हा विषय नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संपवावा हे बरं.

अंगाला हात लावावा लागतो, त्याचं काय?

हा प्रश्न पालक मोठ्याने विचारत नाहीत, पण विचारायला हवा. जिम्नॅस्टिक्स शिकवताना शिक्षक मुलाला हाताने आधार देतो. प्रशिक्षक त्याला सपोर्ट म्हणतात. कोलांटीत शिक्षक बाजूला गुडघ्यावर बसतो, एक हात मुलाच्या डोक्यामागे, दुसरा मांडीच्या मागे. हातांवर उभं राहताना मांड्या धरतो. हा आधार आवश्यक आहे, आणि त्याला नियमही आवश्यक आहेत. आधी सगळ्या वर्गासमोर कुठे आणि का हात लागणार हे दाखवायचं. मुलाने "नको" म्हटलं तर ती पायरी आधाराशिवाय करता येईल अशी सोपी करायची. मुलींच्या गटाला शक्यतो शिक्षिका आधार देतील. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायचं नाही. आणि आधार म्हणजे ढकलणं नाही. जे मूल स्वतः ढकलू शकत नाही ते अजून त्या पायरीला आलेलं नाही.

कपड्यांचा बाऊ नको. टीव्हीवरचा तंग पोशाख शाळेत लागत नाही. ट्रॅकपँट आणि आत खोचलेला टी-शर्ट पुरे. खोचलेला यासाठी की उलटं झाल्यावर तो तोंडावर येऊन दिसेनासं होतं. ज्या मुलीला त्या दिवशी उलटं व्हायचं नाही तिने तोलाच्या रेघेवर जावं. कारण तिला वर्गासमोर विचारू नये, डायरीत चिठ्ठीही मागू नये.

"माझं पोर जाड आहे, सगळे हसतील"

वजन जास्त असलेल्या मुलाला हातांवर उभं राहणं खरंच अवघड असतं, खोटं कशाला बोला. पण तोल सांभाळणं, उतरणं आणि लोळणं त्यालाही येतं, आणि पडायला शिकण्याची गरज त्याला इतरांइतकीच किंवा जास्त आहे. हसू येतं ते बहुतेक एकेकाला सगळ्यांसमोर करायला लावल्यामुळे. गटांची पद्धत ठेवली की कुणाला पाहायला वेळच नसतो. मूल्यमापन करायचं असेल तर प्रत्येकाने स्वतःला येणाऱ्या पाच क्रिया निवडून त्यांची मालिका करावी, आणि गुण द्यावेत ते नीटपणाला. सरळ पाय करून घेतलेली साधी लोळण आणि स्थिर थांबणं हे घाईने मारलेल्या वाकड्या कार्टव्हीलपेक्षा वरचं. स्पर्धेतही गुण असेच कापले जातात. मुलांना हे सांगितलं की आवडतं.

भित्र्या मुलांबद्दल काळजी कमी करावी. भीती वाटणारं मूल पायऱ्या सोडत नाही. शिक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो बिनधास्त पोरांमुळे, ज्यांनी रील पाहून आधीच ठरवलेलं असतं.

दिवाणावर सराव करू द्यावा का?

शाळेत शिकलं की मूल घरी येऊन दिवाणावर कोलांट्या मारणार हे नक्की. दिवाण मऊ, कडेला लाकूड, भिंत जवळ: तिन्ही गोष्टी वाईट. घरी करायला परवानगी द्यायची ती तीन-चार गोष्टींचीच. जमिनीवर सतरंजी घालून गुडघे मिठीत घेऊन डोलणं. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर बसल्यासारखं अर्धा मिनिट थांबणं. एका पायावर उभं राहून दात घासणं. हे मोठ्यांनीही करून पाहावं. आणि शेवटच्या पायरीवरून उडी मारून आवाज न करता उतरणं. कोलांटी, हातांवर उभं राहणं, कार्टव्हील हे शाळेत, मॅटवर, शिक्षकासमोर. सहीच्या आधी शाळेत गेलातच तर उपकरणं किती आहेत ते विचारण्यापेक्षा पहिल्या दोन आठवड्यांत काय शिकवणार ते विचारा. उत्तरात उतरणं, पडणं आणि डोलणं आलं तर सही करून टाका. पहिल्याच आठवड्यात हवेतली पलटी किंवा संमेलनाचा मनोरा असेल, तर संमतीपत्र कोरंच परत पाठवा आणि कारण त्यावर लिहा.